लेखकाचा आत्मसंशय आणि निवेदकाची जागा

१९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. आपापल्या क्षेत्रात कर्तृत्व सिद्ध केलेल्या अनेक स्त्रियांना ते कर्तृत्व आपले वाटतच नाही. आपण इतरांना फसवून या जागी पोचलो आहोत आणि एक ना एक दिवस आपले बिंग फुटणार आहे, अशी धास्ती त्यांच्या मनात घर करून असते, हे निरीक्षण त्यांनी त्यात मांडले. त्यांनी त्याला रोग म्हटले नव्हते. 'घटित' अशा अर्थाचा सौम्य शब्द योजला होता. रोगलक्षणाचे नाव त्याला पुढे चिकटले, आणि आता तर ते लेखकांच्या मुलाखतींतून व लेखन-कार्यशाळांतून सर्रास वापरले जाते. त्याच १९७८ साली मराठीत दया पवार यांचे 'बलुतं' ग्रंथालीने प्रकाशित केले. या दोन प्रकाशनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु स्वतःच्या नावाविषयी आणि स्वतःच्या बोलण्याच्या हक्काविषयी साशंक असलेल्या माणसाचे इतके नेमके रूप मराठी गद्यात त्यापूर्वी क्वचितच आले होते. आणि 'बलुतं'मध्ये त्या साशंकतेवर उपचार केलेला नाही, तिच्यातूनच निवेदनाची रचना उभी केलेली आहे. कथात्म लेखन करणारा लेखक आत्मसंशयाचे काय करतो, या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या मनःस्थितीत शोधण्याऐवजी त्याने निवेदकाला दिलेल्या जागेत शोधणे म्हणूनच अधिक फलदायी ठरावे. बीडसारख्या जिल्ह्यातून, शिक्षणाने प्रथमच लेखणी हाती आलेल्या पिढीच्या लेखनाबाबत तर ते अपरिहार्यच आहे.

मराठीत या कल्पनेसाठी 'तोतया' हा शब्द सहज सुचतो, पण तो पुरता लागू पडत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेला आणि १७७६ मध्ये देहान्त शासन झालेला इसम हे या शब्दामागचे सर्वपरिचित उदाहरण; न. चिं. केळकरांनी त्याच्यावर नाटकही लिहिले. आपण भाऊसाहेब नाही हे तोतयाला पक्के ठाऊक असते, ते ठाऊक नसते लोकांना. आत्मसंशयी लेखकाची स्थिती याच्या उलट: लोक त्याला लेखक मानतात, त्यालाच ते पटत नाही. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत तिसरीच शक्यता आहे. तेथे तोतयेपण समाजाने लादलेले आहे. डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवावी लागते आणि ती उघड झाली की मार खावा लागतो. बिंग फुटण्याची भीती या कथेत मनाचा खेळ नाही, ती रस्त्यावरची वस्तुस्थिती आहे. क्लान्स-आइम्स यांच्या मांडणीत यश खरे असते आणि संशय खोटा. बागुलांच्या कथेपाशी आल्यावर ही विभागणी टिकत नाही.

१९७० नंतरच्या ग्रामीण व दलित साहित्याच्या चर्चेत 'न्यूनगंड' हा शब्द वारंवार येतो. नव्या लेखकाने न्यूनगंड टाकून द्यावा, आपल्या बोलीची व अनुभवाची लाज बाळगू नये, असा त्या चर्चेचा सूर होता. हेतू चांगलाच होता, आणि त्यामुळे अनेकांना बळही मिळाले. परंतु न्यूनगंड म्हटले की दोष व्यक्तीच्या मनात जाऊन बसतो, आणि धीर दिल्याने तो दूर होईल असा भाबडा विश्वास त्यामागोमाग येतो. वास्तविक येथे विचार करावा लागतो तो 'अधिकार' या जुन्या शब्दाचा. कोणी, कोणाविषयी, कोणत्या भाषेत बोलावे, आणि ते बोलणे कोणाच्या जोरावर ग्राह्य मानावे, हा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न या प्रदेशात फार जुना आहे. परंपरेने शके १११० (इ.स. ११८८) हा 'विवेकसिंधु'चा रचनाकाल सांगितला जातो, आणि त्याचा कर्ता मुकुंदराज याची समाधी अंबाजोगाईला आहे. कालनिश्चितीविषयी संशोधकांत मतभेद आहेत, ते येथे बाजूला ठेवता येतील. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, मराठीतला हा आरंभीचा ग्रंथकारही आपल्या भाषेबद्दल खुलासा करतो. शब्द मराठी असले तरी प्रतिपाद्य विषय शास्त्राचाच आहे, हे त्याला बजावून सांगावे लागते. मात्र मुकुंदराजाची शंका भाषेपुरती आहे, स्वतःपुरती नाही. शास्त्रग्रंथाच्या आरंभी 'अधिकारी' कोण याचा विचार केला जात असे, आणि तो अधिकारी म्हणजे ग्रंथ ऐकण्यास पात्र असलेला जिज्ञासू. कर्त्याचा अधिकार गुरुपरंपरेतून आलेला असे, तो त्याने स्वतः मिळवलेला नसे. म्हणून तो गमावण्याची धास्तीही नसे. त्याच गावी सोळाव्या-सतराव्या शतकांत दासोपंतांनी लिहिलेल्या प्रचंड ग्रंथराशीकडे आणि कापडावर उतरवलेल्या त्यांच्या पासोडीकडे पाहिले, तर आत्मसंशयाने अडखळलेला हात कोठेच दिसत नाही. आधुनिक कथाकाराला अशी परंपरा नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याचे एकट्याचे नाव असते आणि त्या नावामागे उभे राहायला कोणी नसते.

मधल्या काळाचाही विचार करायला हवा. निजामाच्या राज्यात अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे त्या धोरणाचे केंद्र. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला आणि मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. म्हणजे मराठी लिहिण्याचा संस्थात्मक अधिकार येथे पुण्या-मुंबईच्या तुलनेत बऱ्याच उशिरा आला, आणि आला तो पुण्याच्या प्रमाणभाषेच्या वेषात. 'आपले मराठी मराठीच आहे काय' ही शंका मराठवाड्यातील पहिल्या पिढीच्या लेखकांना पडली असेल, तर तिला भ्रम म्हणता येत नाही. पाठ्यपुस्तकांनी आणि परीक्षकांनी ती त्यांना रीतसर शिकवलेली होती.

बीड जिल्ह्यात या भाषिक शंकेवर आणखी एक थर चढतो. हा जिल्हा राज्याला ऊसतोड मजूर पुरवणारा प्रमुख जिल्हा आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. माणसाची गणना अवजाराच्या नावाने होते. उचल आधी मिळते, काम नंतर फेडायचे असते, आणि खाडा झाला की बाकी वाढते. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शिकतात. त्यांतला एखादा पदवीधर होतो, शिक्षक वा प्राध्यापक होतो आणि गोष्ट लिहू लागतो, तेव्हा त्याने काय उचलले आणि कसे फेडले, हा हिशेब त्याच्या मनात चालूच राहतो. त्याचे शिक्षण आईबापांच्या कोयत्यावर झालेले असते. त्याची गोष्टही त्या कोयत्याचीच असते. मानधन, पुरस्कार आणि नाव मात्र त्याला मिळते. शहरातल्या वाचकासमोर तो 'तिकडचा' असतो, आणि गावात गेल्यावर 'आता इकडचा न राहिलेला'. 'आपण येथे उपरे आहोत' ही त्याची भावना दोन्ही ठिकाणी थोडीबहुत खरीच असते. जी शंका अंशतः खरी आहे ती समुपदेशनाने निवारली, तर लेखनातून काहीतरी महत्त्वाचे वजा होते.

या पेचाला मराठी कथनपरंपरेने दिलेली उत्तरे एका प्रकारची नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) निवेदक राजाराम सौंदणीकर हा धनगरांच्या वाडीवर नेमला गेलेला तरुण मास्तर आहे. माडगूळकर माणदेशाचेच; तरी त्यांनी वाडीच्या आतला निवेदक घेतला नाही. मास्तराला वाडी जेवढी दिसते तेवढीच कादंबरी सांगते. तो तालीम बांधायला लावतो, कारभाऱ्याचा विश्वास मिळवतो, आणि दुष्काळात वाडी पांगते तेव्हा त्याला काहीच करता येत नाही. उपरेपण कबूल केल्यामुळे या कादंबरीला जो संयम लाभला आहे, तो नंतरच्या 'आतून' लिहिल्याचा दावा करणाऱ्या अनेक कादंबऱ्यांना लाभलेला नाही.

आनंद यादवांच्या 'गोतावळा'चा (१९७१) मार्ग याच्या अगदी विरुद्ध आहे. सगळी कादंबरी नारबा या सालगड्याच्या तोंडून, त्याच्याच बोलीत येते. सुशिक्षित लेखक संहितेतून पूर्णपणे हद्दपार झालेला आहे. मालकाचा ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात, आणि ज्याचे गणगोत म्हणजे ती जनावरेच होती तो नारबा एकटा पडतो. येथे लेखकाने आपला आत्मसंशय स्वतःला पुसून टाकून सोडवला आहे. ही युक्ती त्या एका कादंबरीत अजोड ठरली, याचे कारण नारबाची भाषा आणि नारबाची समज यांच्यात यादवांनी फट पडू दिली नाही. ट्रॅक्टरमागचे अर्थकारण त्याला कळत नाही आणि लेखक ते त्याला कळू देत नाही. पुढे हीच युक्ती नमुना म्हणून वापरात आली, तेव्हा तिचे काय झाले हेही पाहिले पाहिजे. निरक्षर पात्राच्या बोलीत लेखक शेतमालाच्या भावाचे धोरण समजावून सांगू लागला. बोली हे अधिकारपत्र झाले. ठेवणीतले दोन-चारशे शब्द आणि शिव्या पेरल्या की अनुभव अस्सल ठरतो, असा समज ग्रामीण कथेत बोकाळला, आणि दुर्दैवाने परीक्षक मंडळांनी त्याला खतपाणी घातले. आत्मसंशय दडपला गेला की तो असा बोलीच्या अतिरेकातून बाहेर येतो.

भास्कर चंदनशिव हे मांजरेपलीकडच्या कळंब तालुक्यातले. त्यांची 'लाल चिखल' ही कथा पाठ्यपुस्तकामुळे सर्वांना माहीत आहे, पण तिच्यातील निवेदनाच्या जागेचा विचार फारसा झालेला नाही. भाव कोसळल्यावर संतापलेला बाप भर बाजारात टोमॅटो पायांखाली तुडवतो, हे दृश्य शाळकरी मुलाच्या नजरेतून येते. शाळेत जाणारा हा मुलगाच उद्याचा लेखक आहे. तो बापाच्या बाजूला उभा आहे, बापाच्या जागी नाही. बापाच्या संतापाचे भाष्यकार होण्याइतका तो मोठा झालेला नाही, आणि ते न समजणारा राहण्याइतका लहानही उरलेला नाही. चंदनशिवांनी प्रौढ निवेदक घेतला असता तर कथेचे निवेदनपत्र झाले असते.

'बलुतं' हे आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. तरी कथनाच्या विचारात त्याला वगळता येत नाही. लेखक दया पवार याला दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली कहाणी सांगतो, अशी त्याची चौकट आहे. दोघे एकच. एक शिकलेला, कविता लिहिणारा, नोकरदार, दुसरा महारवाड्यातला. सांगणारा दगडू, लिहून घेणारा दया. शिक्षणाने मिळालेल्या नावाला या कथनात स्वतःचे असे काहीच सांगायचे नाही, त्याला फक्त ऐकायचे आहे. परंतु या चौकटीचे मोल एवढ्याने संपत नाही. दगडू स्वतःच्या भित्रेपणाबद्दल, वासनांबद्दल, आईला व बायकोला दिलेल्या वागणुकीबद्दल जे बोलतो, ते सांगण्याचे धैर्य दयाला एकट्याने झाले नसते. आणि दयाच्या उपस्थितीवाचून दगडूला ते शब्दांत धरता आले नसते. 'आपण कोणीतरी दुसरेच म्हणून वावरत आहोत' ही जाणीव येथे लपवण्याची गोष्ट उरत नाही, ती कथनाचे इंजिन होते. या पुस्तकावर स्वतःच्याच समाजातून टीका झाली, घरातली लक्तरे वेशीवर टांगल्याचा आरोप झाला. अधिकाराचा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो, याचा हा पुरावा.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द आज लकब म्हणून टवाळीचा विषय झाले आहेत. मुळात ते प्रत्येक विधानाखाली अंथरलेली अविश्वासाची गादी आहेत. ज्या नेमाड्यांनी 'लेखकराव' हा शब्द रूढ केला, त्यांच्या पहिल्या कादंबरीचा निवेदक आपल्या एकाही वाक्याची पूर्ण हमी देत नाही, ही संगती योगायोगाची नव्हे. ज्याचा आत्मसंशय पूर्णपणे मेला तो लेखकराव, अशी त्या शब्दाची व्याख्या करता येईल. याचा अर्थ संशयाचे प्रदर्शन मांडणारा प्रत्येक जण लेखक असतो असे नाही. 'मी लेखक नाही, हे माझे वेडेवाकुडे शब्द' अशी मनोगते पहिल्या आवृत्तीपासून पाचव्या आवृत्तीपर्यंत जशीच्या तशी छापली जातात. ही विनयाची वाङ्मयीन रीत आहे. पुस्तकाच्या आतल्या पानांवर तिचा काही परिणाम दिसत नसेल तर समीक्षेने तिची दखल घेण्याचे कारण नाही.

अंबाजोगाईचे बालाजी सुतार यांच्या कथासंग्रहाचे नाव 'दोन शतकांच्या सांध्यावरच्या नोंदी' (२०१९) असे आहे. 'कथा' म्हणण्याऐवजी 'नोंदी' म्हणणे, हे वरवर पाहता माघार घेणे वाटेल. नोंद करणारा कारकून असतो, वार्ताहर असतो, घरातला हिशेब लिहिणारा असतो. त्याला प्रतिभेचा दावा करावा लागत नाही. मात्र कथेच्या घडीव शेवटाने जे दामटून बसवले जाते, ते नोंदीला उघडे ठेवता येते. मराठवाड्यातील गाव जागतिकीकरणानंतरच्या काळात ज्या रीतीने विस्कटले, तिला आरंभ-मध्य-अंताची रचना मानवणारी नव्हती. 'सांधा' हा शब्दही म्हणूनच अन्वर्थक ठरतो. लेखक कोणत्याही एका शतकात नीट उभा नाही, आणि ते त्याने शीर्षकातच सांगून टाकले आहे. परभणीचे आसाराम लोमटे यांनी पत्रकारिता सांभाळून मोजकेच कथालेखन केले. त्यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बातमीत जे विधान निःशंकपणे करता येते तेच कथेत करताना थबकावे लागते, हा अनुभव या अल्पसंख्य कथांच्या मुळाशी असावा असे त्या वाचताना जाणवते.

पुरस्काराने आत्मसंशय निवळतो, हा समजही तपासावा लागेल. जत तालुक्यातील नवनाथ गोरे यांना 'फेसाटी' या कादंबरीसाठी २०१८ मध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या टाळेबंदीत तासिका तत्त्वावरील काम थांबल्यावर त्यांच्यावर मजुरीला जाण्याची वेळ आली, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. 'आपण खरोखर लेखक आहोत काय' हा प्रश्न अशा वेळी मानसशास्त्राच्या पुस्तकातून आलेला नसतो.

आणि काही ठिकाणी आत्मसंशय लेखकाला गप्प करतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती घेतली गेली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली असल्याचे दिसले. पाळीच्या दिवसांत काम थांबले की खाडा पडतो, खाड्याने उचल फिटत नाही, आणि पोटदुखीवर 'पिशवी काढून टाकणे' हा कायमचा इलाज म्हणून सुचवला जातो. अवजाराच्या नावाने मोजल्या जाणाऱ्या शरीराचा हा हिशेब आहे. वार्तांकने झाली, अहवाल झाले. या अनुभवाच्या तोडीची कादंबरी मराठीत अद्याप यायची आहे. ज्या जिल्ह्यात महाविद्यालयांची आणि लिहित्या प्राध्यापकांची वाण नाही, तेथे हे का व्हावे? विषय हाती लागला नाही असे म्हणता येणार नाही. पगारदार पुरुष लेखकाने हे शरीर कोणत्या निवेदकाच्या तोंडी द्यावे? 'गोतावळा'चा मार्ग धरून स्वतःला पुसावे, तर तो त्या स्त्रीच्या जागी जाऊन बोलण्याचा उद्दामपणा होतो. 'बनगरवाडी'चा मास्तर व्हावे, तर बाहेरून पाहणारी नजर या विषयाला सोसत नाही. येथे थबकलेला लेखक भित्रा आहे असे म्हणण्याची घाई करू नये. उलट घाईने कादंबरी लिहून वर्षभरात ती अभ्यासक्रमाला लावून घेणाऱ्यापेक्षा तो विषयाच्या अधिक जवळ आहे. तरीही हे थांबणे अनिश्चित काळ चालले, तर लेखक संशयाच्या आडोशाला सोयीस्करपणे बसला आहे असेही म्हणावे लागेल. 'बलुतं'ने दाखवलेली वाट, म्हणजे सांगणारा आणि लिहून घेणारा यांना एकाच संहितेत समोरासमोर बसवणे, या विषयापुरती अजून वापरून पाहिली गेलेली नाही. त्यात लिहून घेणाऱ्याला स्वतःचा पगार, स्वतःची पक्की भिंत आणि स्वतःच्या घरातील स्त्रीचा दवाखाना संहितेत आणावा लागेल. अडचण बहुधा तेथेच आहे.

याच जिल्ह्यात आत्मसंशयाचा स्पर्श नसलेले कथनही आहे, हे विसरून चालणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांच्या पुढाकाराने झालेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी १९९६ मध्ये गायिलेल्या ओव्या आहेत. बाबासाहेबांविषयी त्या अशा जिव्हाळ्याने आणि हक्काने गातात की, 'हे सांगण्याचा तुम्हांला काय अधिकार' हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. ओवीवर नाव नसते. आणि ऐकणारी समोर, जात्याचा तोच खुंटा धरून बसलेली असते. छापील पुस्तकाला अशी ऐकणारी नसते. बीडच्या कथाकाराच्या बाबतीत तर कालगणनाही आडवी येते. साहित्य संमेलने, ग्रंथप्रदर्शने, पुरस्कार-समारंभ हे सारे बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात, आणि नेमका तोच ऊसतोडीचा भर हंगाम असतो. ज्यांची गोष्ट व्यासपीठावर वाचली जाते ती माणसे त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात, पाचटाच्या कोपीत असतात. ती परतेपर्यंत मांडव उतरलेले असतात, आणि गावातल्या वाचनालयात पुस्तक आले असलेच तर ते कपाटात गेलेले असते.